चष्म्याचं घर : रेषा, लाकूड आणि हात



गेल्या खेपेला मी इथे न्यायदर्शनातल्या कार्यकारणभावावर बोललो होतो. न्यायशास्त्र म्हटलं की घट आला, पट आला, कुंभार आला, त्याचं चाक आलं. मराठीत आपण चेष्टेनं 'घटपटाची खटपट' म्हणतो, ते काही उगीच नाही. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, चाळीस वर्षं घट शिकवलात. एखादा घट कधी केलात का?" सभागृह हसलं. मीही हसलो. पण खरं उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते मला घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं.

म्हणून आज मी स्वतः केलेल्या एका वस्तूबद्दल बोलणार आहे. घट नाही जमला. चष्म्याचं घर केलं. ते इथे टेबलावर ठेवलंय. नंतर जवळ येऊन बघा, उघडा, मिटा. अट एकच, एका हातानं उघडायचं. का, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं बरंचसं परत आलं, उजवा हात मात्र परतला नाही. आता चष्म्याची दुकानात मिळणारी केस तुम्ही डोळ्यांसमोर आणा. आत पत्रा, वर रेक्झिन, आणि बिजागरीत अशी स्प्रिंग की झाकण टपकन मिटतं. ती उघडायला दोन हात लागतात. एक हात उघडतो, हे आपल्याला माहीत असतं. दुसरा हात नुसता धरतो, आणि तो धरणारा हात जाईपर्यंत तो काही करत होता हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

एकदा रात्री मला जाग आली तर ही अंधारात बसून ती केस दातांनी उघडत होती. मी म्हटलं, "अगं, मला उठवायचं ना." तर म्हणाली, "दर वेळी चष्म्यासाठी माणूस उठवायचा का?" त्यानंतर तिनं केस वापरणंच सोडलं. चष्मा उघडाच उशाशी राहू लागला. हल्लीची भिंगं काचेची नसतात, प्लास्टिकची असतात. हलकी असतात, पण ओरखडे लवकर धरतात. चार महिन्यांत उजव्या भिंगावर धुक्यासारखा पट्टा आला.

तेव्हा मी ठरवलं की हे आपण करू. तत्त्वज्ञानाच्या माणसानं 'हे आपण करू' म्हणणं किती धोक्याचं असतं, ते आता ऐका.

आधी माप

कुठलीही डबी करायची तर आत काय राहणार आहे ते मोजावं लागतं. तुमच्या चष्म्याची काडी आतून पाहा. तिथे बारीक अक्षरांत आकडे असतात. हिच्या चष्म्यावर होते ५२, मग एक छोटा चौकोन, मग १८, मग १४०. ५२ मिलिमीटर म्हणजे एका भिंगाची रुंदी, १८ म्हणजे दोन भिंगांमधलं नाकावरचं अंतर, आणि १४० म्हणजे काडीची लांबी, कानामागच्या वळणासकट. मी लगेच बेरीज केली : ५२ अधिक १८ अधिक ५२, म्हणजे १२२. त्या मापानं जुन्या पुठ्ठ्याची डबी केली. चष्मा आत जाईना! कारण फ्रेमच्या कडा आणि दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्या या बेरजेत येतच नाहीत. पट्टी लावली तेव्हा पूर्ण रुंदी निघाली १३८. वर्णन आणि वस्तू यांच्यात १६ मिलिमीटरचा फरक होता.

यातून एक व्यवहाराची गोष्ट शिकलो. लाकडाला हात लावण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करा. पुठ्ठा चुकला तर काही बिघडत नाही.

घडी केलेला चष्मा भरला १३८ लांब, ४२ उंच, ३४ जाड. आतून दोन मिलिमीटरचं फेल्टचं अस्तर, आणि चारी बाजूंनी थोडी मोकळीक. एवढं धरून मी पहिली डबी आखली.

रेषेला जाडी असते

सुतारकाम मला येत नाही आणि या वयात करवत धरणार नव्हतो. पुण्यात आमच्या घराजवळ एक छोटी कार्यशाळा आहे. तिथे लेझरवर लग्नपत्रिका, दारावरच्या पाट्या, गणपतीची मखरं कापून देतात. तिथला मशीन चालवणारा मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा. त्यानं मला शिकवलं, आणि माझ्यावर तो एकदाही हसला नाही, हे मुद्दाम सांगतो.

लाकूड कापणारं हे यंत्र बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड लेझरचं असतं. लेझरमागचं तत्त्व आइन्स्टाइननं १९१७ साली मांडलं. पहिला लेझर १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून मिळवला. आणि कार्बन डायऑक्साइडचा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ज्यांनी शोधला, ते कुमार पटेल जन्मले आपल्या बारामतीत, १९३८ साली, आणि शिकले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. मखरं कापणाऱ्या त्या मुलाला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्हा दोघांना एकदमच कळलं आणि दोघांनाही बरं वाटलं.

या लेझरच्या किरणांची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रोमीटर असते. हे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्याला दिसत नाहीत. यंत्रावर जो लाल ठिपका दिसतो तो नुसता नेम धरण्यासाठी असतो, कापणारा किरण वेगळा. लाकूड हे किरण चांगले शोषून घेतं. भिंगानं ते एका बिंदूवर एकवटले की तेवढं लाकूड वाफ आणि धूर होऊन जातं. शेजारून हवेचा झोत सोडलेला असतो, तो ज्योत पेटू देत नाही आणि धूर बाजूला करतो.

आता नीट लक्ष द्या, कारण माझी पहिली फजिती इथेच झाली.

संगणकावर मी रेषा काढल्या. युक्लिडनं रेषेची व्याख्या केली आहे की रेषेला लांबी असते, रुंदी नसते. माझ्या पत्नीनं तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. ती वर्गात सांगायची, "रेषेला जाडी नसते, खडूला असते." लेझर खडूच्या बाजूचा आहे. तो रेषेवरून जातो तेव्हा थोडं लाकूड जाळतो. ती जळालेली जागा ना या तुकड्यात राहते, ना त्या तुकड्यात. न्यायशास्त्रात अभावाचे चार प्रकार सांगितलेत. त्यांतला वस्तू नष्ट झाल्यावर उरणारा अभाव म्हणजे प्रध्वंसाभाव. मी तो वर्षानुवर्षं फुटलेल्या घटाचं उदाहरण देऊन शिकवला. या वेळी पहिल्यांदाच तो व्हर्नियर कॅलिपरनं मोजला!

मोजायची रीत सोपी आहे. १०० मिलिमीटर रुंदीचा एक आयत काढायचा आणि आत नऊ समांतर रेषा मारून त्याच्या दहा पट्ट्या करायच्या. कापल्यावर त्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या आणि एकूण रुंदी मोजायची. आतले नऊ काप पूर्ण गेले, बाहेरच्या दोन कडांचे अर्धे अर्धे गेले, म्हणजे एकूण दहा काप गेले. माझी रुंदी भरली ९८. दोन मिलिमीटर नाहीसे झाले. दहानं भागलं तर एका कापाची जाडी ०.२ मिलिमीटर. प्रत्येक यंत्राचा, प्रत्येक लाकडाचा हा आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून तो ऐकून वापरायचा नाही, मोजायचा.

०.२ म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण डबीच्या भिंती एकमेकींना जोडायला आपण कडांना दाते काढतो आणि दोन हातांची बोटं गुंफावीत तसे ते एकमेकांत बसवतो. दहा मिलिमीटरचा दात काढला तर कापून येतो ९.८ चा. दहा मिलिमीटरची खाच काढली तर ती होते १०.२ ची. म्हणजे जोडात ०.४ चा खुळखुळा. माझी पहिली डबी उचलली की तिच्या भिंती आगगाडीच्या डब्यासारख्या डुलत होत्या. उपाय असा, की दात १०.२ चा काढायचा आणि खाच ९.८ ची. कागदावर दोन्ही चुकीचे दिसतात, लाकडात दोन्ही बरोबर दहाचे होतात. बरोबर वस्तू हवी असेल तर चित्र मुद्दाम, मोजून, चुकवावं लागतं. हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

दुसरी तशीच गोष्ट प्लायवूडच्या जाडीची. दुकानदार तीन मिलिमीटर म्हणाला, मोजली तर भरली २.८. दात्याची खोली तीन धरली असती तर प्रत्येक कोपऱ्यात दाते बाहेर डोकावले असते. आणि प्लाय घेताना पाण्याला टिकणारा, बाहेरच्या वापराचा घेऊ नका. त्याचा गोंद लेझरला दाद देत नाही, नुसता काळा पडतो. साधा, आतल्या वापराचा प्लाय नीट कापला जातो.

वाकणारं लाकूड

झाकणाला मला लोखंडी बिजागरी नको होती. त्या मुलानं एक युक्ती दाखवली. प्लायवूडमध्ये एकाशेजारी एक समांतर फटी कापायच्या, आणि विटांच्या भिंतीत सांधे जसे एकाआड एक येतात तशा त्या सरकवत न्यायच्या. मग सपाट कडक फळी त्या जागी कापडासारखी वाकते. पाहिलं की जादू वाटते.

यात फळी वाकताना दिसते, पण लाकूड फारसं वाकत नसतं. दोन फटींच्या मध्ये जी बारीक पट्टी उरते तिला थोडासा पीळ बसतो. प्रत्येक पट्टी थोडीशीच पिळली जाते, आणि त्या सगळ्या थोड्याथोड्याची बेरीज होऊन झाकण वळतं. हिशेब करू. आतून ३० मिलिमीटर त्रिज्येचं पाव वळण हवं. फळीची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणून तिच्या मध्यावरची त्रिज्या ३१.५. पाव वर्तुळाची लांबी आली साधारण ५० मिलिमीटर. अडीच मिलिमीटरला एक, अशा वीस ओळी बसल्या. ९० अंशांचं वळण वीस ओळींत वाटलं तर एका ओळीच्या वाट्याला साडेचार अंश. एकट्या पट्टीला ९० अंश पिळलंत तर ती तुटेल. साडेचार अंश तिला सोसतात.

फट लांब केली की वळण मऊ होतं, आखूड केली की ताठ. ओळी जवळ आणल्या की पट्ट्या बारीक होतात, वळण आणखी मऊ होतं, पण नाजूकही होतं. पुस्तकी उत्तर नाही. मी वीस, तीस आणि चाळीस मिलिमीटरच्या फटींचे तीन नमुने कापले आणि हातानं वाकवून पाहिले. वीसचा हटवादी, चाळीसचा लेचापेचा. तीसचा ठेवला.

आणि इथे दुसरी फजिती. प्लाय वाचावा म्हणून मी झाकण फळीवर आडवं बसवलं. त्यामुळे वरच्या थरातले लाकडाचे तंतू फटींना आडवे आले. वाकवलं तशा पट्ट्या कटकट तुटल्या, चौदा मोजल्या. तंतू पट्टीच्या लांबीच्या दिशेनं गेले तरच पट्टी पीळ सोसते. चार चौरस इंच प्लाय वाचवायला गेलो आणि पूर्ण झाकण घालवलं.

तंतूंची दिशा सुधारली, झाकण वळलं. पण आता ते मिटून राहीना. सोडलं की उठायचं. वाकवलेली फळी पुन्हा सपाट होऊ पाहत होती. मी ओलं करून पाहिलं, रात्रभर वजनाखाली ठेवून पाहिलं. शेवटी चिडून दोन जाड चुंबक बसवले. एकाचा उलटा ध्रुव चिकटवला होता, म्हणून झाकण आधी आणखीच उडालं, ती गंमत वेगळी. तो सुलटा केला आणि डबी घट्ट मिटली. वरून लाखेचं पॉलिश केलं. सुरेख दिसत होती. मी ती हिच्या हातात ठेवली.

चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर

हिनं डाव्या अंगठ्यानं झाकण उचललं. चुंबक इतके घट्ट होते की झाकणाबरोबर सगळी डबीच उचलली गेली. खाली ठेवून पुन्हा ढकललं, तर डबी टेबलावरून सरकत गेली. शेवटी भिंतीशी टेकवून तिनं ती उघडली, चष्मा बाहेर काढला, आणि माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता कौतुक होणार. ती म्हणाली, "आता हा उघडू कशी?"

घडी केलेला चष्मा! दोन्ही काड्या सरळ करायला दोन हात लागतात. एका हातानं करायचं तर एक काडी दातात धरावी लागते. म्हणजे मी तीन महिने खपून दात डबीवरून काढले आणि चष्म्यावर नेऊन ठेवले. मी जी डबी केली होती ती खिशात चष्मा नेणाऱ्या, दोन धडधाकट हातांच्या माणसाची होती. म्हणजे माझी.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'चं दहावं पुस्तक मी अनेक वर्षं शिकवलं. त्यात पलंगाचं प्रसिद्ध उदाहरण आहे. एक पलंगाची कल्पना, एक सुतारानं केलेला पलंग, एक चित्रकारानं रंगवलेला. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, त्यामुळे सगळे तेवढंच वाचतात. पण त्याच पुस्तकात थोडं पुढे प्लेटो आणखी एक गोष्ट सांगतो. वस्तूचं खरं ज्ञान वापरणाऱ्याला असतं. बासरी करणाऱ्यानं बासरी वाजवणाऱ्याचं ऐकावं, कारण कोणती चांगली, कोणती वाईट, हे वाजवणाराच सांगू शकतो. मी हा भाग वर्गात दोन मिनिटांत उरकत असे. कल्पना वर, वस्तू खाली, एवढं चित्र फळ्यावर काढलं की तास संपायचा. वापरणारा माणूस त्या चित्रात कुठे बसवायचा, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

तीन महिने मी मापं चष्म्याची घेतली होती. तिच्या हाताचं एकही माप घेतलं नव्हतं. तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू चष्मा घेतेस कसा, ठेवतेस कुठे, अंधारात हात आधी कशाला लागतो. प्रेमापोटी केलं होतं, खरं आहे. पण प्रेमापोटी केलेल्या वस्तूला बिचाऱ्या माणसाला 'नको' म्हणणं आणखी अवघड जातं. हिनं म्हटलं, म्हणून निभावलं.

मग मी वही घेऊन तिच्यासमोर बसलो आणि ती सांगेल ते लिहिलं. चष्मा घडी न करता आत गेला पाहिजे. ठेवताना काड्या स्वतःकडे आणि भिंगं पलीकडे, म्हणजे उचलला की तसाच डोळ्यांवर चढेल. डबी सरकता कामा नये. अंगठा बसेल अशी कड हवी. आणि एक गोष्ट मला कधीच सुचली नसती. झाकण उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे रात्री चष्मा ठेवताना ते हातावर पडणार नाही.

ही काही केस उरली नाही. हे खरोखर घर झालं. आतून १६० रुंद, १६५ खोल, ६० उंच. खिशात मावणार नाही, उशाशी राहील. मागच्या भिंतीजवळ लाकडाचं एक छोटं नाक बसवलं, त्यावर चष्मा टेकतो आणि भिंगांना कशाचाच स्पर्श होत नाही. तळाला फेल्ट आत, रबराचे चार पाय बाहेर. तो धरणारा दुसरा हात आता ते चार पाय झालेत.

आणि झाकण? इथे मला अन्नंभट्टांची आठवण झाली. 'तर्कसंग्रहा'त संस्काराचे तीन प्रकार आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वस्तूची अवस्था बदलली तर तिला पुन्हा मूळच्या अवस्थेला आणतो तो स्थितिस्थापक, आणि तिथे उदाहरण आहे चटईचं. शाळेत पदार्थविज्ञानात आपण 'स्थितिस्थापकता' म्हणतो, तो शब्द या घरातला. गुंडाळलेली चटई उलगडू पाहते, तशी वाकवलेली फळी सपाट होऊ पाहते. पहिल्या डबीत मी या स्वभावाशी भांडलो होतो. आता प्रश्न उलटा विचारला. फळी सपाट असताना झाकण कुठल्या अवस्थेत असायला हवं? उघड्या!

म्हणून मागची भिंत, वळण आणि झाकण ही एकच सलग फळी ठेवली. सपाट असते तेव्हा ती सरळ उभी, म्हणजे घर उघडं. मिटायचं तेव्हा ती पाव वळण घेते आणि चुंबकाशी येऊन थांबते. कडेला अंगठा लावून किंचित उचललं की चुंबक सुटतो, झाकण साधारण अर्ध्यापर्यंत आपणहून उठतं आणि थांबतं. पुढे एका बोटाचा धक्का पुरतो. तीन बळांचा क्रम जुळवायचा होता : फळीच्या ओढीपेक्षा चुंबक जोरकस हवा, आणि चुंबकापेक्षा तिचा डावा अंगठा. पहिली दोन मी बदलू शकत होतो, तिसरं दिलेलं होतं. म्हणून आधी तिचा अंगठा, मग चुंबक, मग फटींची लांबी, या क्रमानं काम केलं. सहा मिलिमीटर व्यासाचा एकच छोटा चुंबक पुरला.

नैयायिक वस्त्राचं उदाहरण देतात. धागे हे समवायी कारण, धाग्यांचा एकमेकांशी संयोग हे असमवायी कारण, आणि विणकर, त्याचा माग ही निमित्त कारणं. माझ्या घरात लाकूड दुकानातलं, किरण बारामतीच्या माणसानं शोधलेला, यंत्र त्या मुलाचं. मी काय केलं, याचा विचार करता माझ्या वाट्याला संयोग तेवढे येतात. दात्याला दाता, फळीला चुंबक, आणि बऱ्याच उशिरानं, वस्तूला तिचा हात. गेल्या खेपेच्या त्या गृहस्थांना माझं उत्तर एवढंच आहे. ते आज आले असतील तर त्यांनी आधी पुढे यावं आणि हे उघडून पाहावं. डाव्या हातानं.



प्रश्नोत्तरं

*प्रश्न : आतून रेक्झिनचं अस्तर लावलं असतं तर पुसायला सोपं गेलं नसतं का? आणि ते लेझरवरच कापून मिळतं का?*

मीही रेक्झिनचा तुकडा घेऊन गेलो होतो. त्या मुलानं तो यंत्राजवळसुद्धा येऊ दिला नाही. रेक्झिनवर बहुधा पीव्हीसीचा थर असतो. त्यात क्लोरीन असतं. लेझरनं जाळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक आणि यंत्रही गंजवतो. फेल्ट कात्रीनं कापा. आणि अस्तर लावण्याआधी कापलेल्या कडांवरची काजळी पॉलिश पेपरनं घासून, पुसून काढा, नाहीतर ती फेल्टवर आणि तिथून भिंगावर येते. कापण्याआधी प्लायवर कागदी चिकटपट्टी लावली तर वर धुराचे डाग पडत नाहीत.

*प्रश्न : हे वळण किती दिवस टिकेल? लाकूड थकणार नाही का?*

थकतं. बराच काळ वाकवून ठेवलेलं लाकूड हळूहळू तेच वळण धरतं. पावसाळ्यानंतर आमचं झाकण पूर्वीपेक्षा थोडं कमी उठतं. पण दिवसभर चष्मा डोळ्यांवर असतो तेव्हा घर उघडंच असतं, म्हणजे फळी विसावलेली असते. शिवाय फाईल माझ्यापाशी आहे. झाकण मोडलं तर नवं कापायला फार वेळ लागत नाही. मागची फळी म्हणून चिकटवलेली नाही, चार छोट्या स्क्रूंवर बसवलीय.

*प्रश्न : तुमच्या पत्नीला आवडलं का?*

हे तिलाच विचारायला हवं, ती पहिल्या रांगेत बसली आहे. (श्रोत्यांमधून उत्तर : "झाकणाची कड अजून दोन मिलिमीटर बाहेर हवी.") पाहिलंत? उद्या कार्यशाळेत जावं लागणार.